शुभहस्ते बसलेला पोपट

मुलीचा क्लास बंद करायला आपल्या घरांत फार मोठं कारण लागत नाही. पाऊस लागला, पाहुणे आले, शेजारचा काहीबाही बोलला, एवढ्यावर भागतं. मुलाची गोष्ट वेगळी. तो नापास झाला तर त्याला वरून शिकवणी लावतात. रागावू नका मंडळी, पण हे आपल्या घरात कधी घडलंच नाही असं छातीठोकपणे कोण सांगेल? नरोलीच्या सुकदेव बोरसेच्या घरात ते घडलं, आणि त्याला निदान कारण तरी भलंथोरलं मिळालं होतं.

रविवारची संध्याकाळ होती. त्याची बायको तानूबाई भाकरी थापत होती, मुलगी जया भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि सुकदेव उंबऱ्यात उभा राहून निकाल सांगत होता.

"उद्यापासून क्लास बंद. पुढच्या आठवड्यात तुले शिंदखेड्याले काकाकडे सोडून येतो. तिथं राहा, घरकाम शिक. स्थळ बघायला काकाला मी सांगून ठेवतो."

"आबा, माझी परीक्षा आलीय," जया म्हणाली.

"परीक्षा गेली खड्ड्यात. चारचौघांत मले मान खाली घालायला लावली तू. अजून काय राहिलं?"

जयानं वळून बापाकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. सुकदेवला वाटलं, पोरगी लाजली. आपण बरोबर बोललो याची त्याला खात्रीच पटली, आणि तो हातपाय धुवायला गेला.

झालं होतं असं. नरोलीहून दमणगंगेपलीकडच्या आमलीत, कामासाठी आलेल्या खानदेशातल्या आणि कोकणातल्या माणसांचं एक सह्याद्री मित्र मंडळ होतं. एका कारखान्याच्या शेठनं आपल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मंडळाला देऊन टाकला आणि तिथल्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्या प्रमिलाबाई सावंतांनी त्या एका यंत्रावर कामगारांच्या मुलींचा क्लास सुरू केला. साल एकोणीसशे नव्याण्णव. इंटरनेट म्हणजे फोनची तार कॉम्प्युटरला लावायची आणि पान उघडेपर्यंत चहा पिऊन घ्यायचा, असे ते दिवस. क्लासची परीक्षा पास होणाऱ्या मुलीला शेठ आपल्या माल पाठवण्याच्या ऑफिसात घ्यायला तयार होता. जया त्या मुलींत सगळ्यात पुढे होती.

त्या रविवारी बाईंनी पालकांना मंडळाच्या खोलीत बोलावलं होतं. मुली काय शिकल्या ते बघा म्हणून. जयानं इंटरनेट उघडलं. जळगावच्या बाजारातला केळीचा भाव काढून दाखवणार होती ती. तोच पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली. ती बंद करते न करते तोच दुसरी. दुसरीच्या मागे तिसरी, आणि त्या तिसरीत अंगावर जेमतेम कपडे असलेली बाई. जया घाईघाईनं खिडक्या मिटत होती आणि जेवढ्या मिटल्या तेवढ्या नव्या उघडत होत्या. मागच्या रांगेत बसलेला भगवंत, कारखान्यात सुकदेवच्याच धागा खात्यातला, मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "वा, सुकदेवभाऊ! हे शिकू राहिली काय पोरगी?"

सुकदेव उठला, जयाचं मनगट धरलं आणि खोलीबाहेर पडला. दमणगंगेच्या पुलावरही त्यानं तिचं मनगट सोडलं नाही. दोन महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या स्नेहसंमेलनात, याच खोलीत त्याच्या खांद्यावर मंडळानं शाल घातली होती. काळू नावाच्या नव्या पोराचा हात रोलरमध्ये जाता जाता सुकदेवनं मशीन थांबवलं होतं, त्याचा तो सत्कार. शाल घरी फळीवर घडी करून ठेवली होती. ज्या खोलीत शाल मिळाली त्याच खोलीत असं व्हावं, हे त्याला फार लागलं होतं.

सोमवारी सुकदेव पाळीवरून आला तेव्हा प्रमिलाबाई त्याच्या खोलीत चटईवर बसलेल्या होत्या. तानूबाईनं चहा टाकला होता. बाई राजापूरकडच्या, बोलायला शांत, पण एकदा बसल्या की उठत नाहीत असा त्यांचा लौकिक. सुकदेव दारातच थांबला.

"बाई, तुम्ही मास्तरीण. तुमच्याबद्दल मले काही म्हणायचं नाही," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "पण डोळ्यांनी जे बघितलं ते खोटं कसं म्हनू?"

"खोटं म्हणूच नका, सुकदेवभाऊ. चित्र आलं हे खरं आहे. ते कुणी आणलं, एवढंच मी शोधतेय."

"यंत्रावर कोन बसलं होतं? जया. मग कोन आणनार?"

"बरं. तुमच्या मशीनवर धागा तुटला, तर तो ऑपरेटरनंच तोडलेला असतो का?"

"तसं नसतं. कधी धागाच कच्चा येतो. कधी रोलर घासलेला असतो."

"मग तुम्ही काय करता?"

"मशीन बंद करतो. उघडून बघतो."

"मी तेवढंच मागतेय," बाई म्हणाल्या. "उघडून बघू."

त्यांनी मग चहाचा कप बाजूला ठेवून समजावून सांगितलं. इंटरनेटची पानं ज्या खिडकीतून दिसतात तिला चिकटवायच्या पट्ट्या निघाल्यात. कुणी म्हणतं, फुकट हवामान सांगतो. कुणी म्हणतं, फुकट शुभेच्छापत्रं देतो. पडद्यावर चौकट येते, घेणार का? येस दाबलं की ती पट्टी आत येऊन बसते. बसली की मग स्वतःच्या मनानं जाहिराती आणत राहते. वाईट, चांगल्या, मिळतील त्या. जाहिरातवाला तिला पैसे देतो, म्हणून ती आपल्याला फुकट.

"उद्या कुणी तुमच्या ओट्यावर फुकट खुर्ची आणून ठेवली," बाई म्हणाल्या, "आणि परवापासून तोच तिच्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला घाणेरडी पत्रकं वाटायला लागला, तर दोष कुणाचा? घरातल्या मुलीचा?"

"ते समदं ठीक आहे. पण लोक काय म्हणतील? भगवंत आज कँटीनमध्ये—"

"भगवंत काय म्हणतो ते मी नाही ऐकायला आले."

मुद्दा हातचा गेला की माणूस आवाज चढवतो, तसा सुकदेवनं चढवला. "माझी पोर आहे. तिचं काय करायचं ते मी ठरवीन."

इतका वेळ स्टोव्हपाशी गप्प बसलेली तानूबाई तेव्हा बोलली. "काळूचा हात जात होता तेव्हा तुम्ही मशीन बंद केलं ना? का काळूलेच नोकरीवरून हाकललं?"

सुकदेव खाली बसला, चहा संपवला आणि कप ठेवता ठेवता म्हणाला, "बुधवारी माझी सुट्टी आहे. येतो. पण बघायला येतो, एवढंच."

बुधवारी सकाळी तो, जया आणि प्रमिलाबाई आमलीच्या बाजारात कारभारीअण्णांच्या दुकानात गेले. कारभारीअण्णा किराणामालाचे व्यापारी आणि मंडळाचे अध्यक्ष. मनानं दिलदार, पण सत्काराचा भारी सोस. मंडळात कुणी मोठा माणूस आला की अण्णा त्याला काही ना काही करायला लावत. नारळ फोडून झाले, फिती कापून झाल्या, पणत्या लावून झाल्या. मग कॉम्प्युटर आला आणि अण्णांना नवं साधन सापडलं. पाहुण्याला खुर्चीवर बसवायचं, त्याच्या हातात माउस द्यायचा आणि फोटोवाल्याकडे बघत म्हणायचं, "साहेबांच्या शुभहस्ते." आपल्या मंडळांना हे नवं नाही, खरं ना?

"किल्ली नाही देत मी," अण्णा तराजूतली तूरडाळ पिशवीत ओतत म्हणाले. "मंडळाचं नाव खराब झालं, बाई. क्लास बंदच करू. मशीन इथं दुकानात आणतो, बिलं तरी निघतील."

"अण्णा, दिवाळीत मी राजापूरला होते. तेव्हा कॉम्प्युटर कुणी चालवला?"

"चालवला कुठं? पाहुण्यांनी नुसतं एकेक बटण दाबलं. सरपंच होते, बँकेचे साहेब होते, शेठ स्वतः होते. दर पाहुण्याला एक."

"कसलं बटण?"

"आता ते कोण वाचत बसतं? चौकट यायची, येस म्हणायचं. हिरवी, निळी, असेल ती. एवढा मोठा पाहुणा बसवायचा आणि त्याच्या हातानं नाही म्हणवायचं? शुभ कार्यात नाही म्हणू नये, बाई. आमच्या वडिलांनी कधी म्हटलं नाही."

प्रमिलाबाईंनी कपाळावर हात मारला नाही, पण त्यांचा चेहरा तसाच झाला. सुकदेवचे मात्र कान गरम झाले. दर पाहुण्याला एक. शाल घातल्यावर अण्णांनी त्यालाही त्या खुर्चीवर बसवलं होतं. समोर एक चौकट, तिच्यात हिरवा पोपट. त्यानं येस दाबलं आणि पोपट पंख फडफडवत पडद्यावर इकडून तिकडे उडाला होता. टाळ्या पडल्या होत्या. आठवडाभर त्यानं तो पोपट अख्ख्या खात्याला वर्णन करून सांगितला होता. पोपटात काय वाईट असणार, असं त्यानं आता स्वतःला समजावलं. वाईट ते दुसऱ्या कुणाचं असेल, सरपंचाचं नाहीतर शेठचं.

"अण्णा," प्रमिलाबाई म्हणाल्या, "तुमच्या गोदामाच्या दारात कुणी अनोळखी माणूस उभा राहिला आणि म्हणाला, आत येऊन राहू का, तर तुम्ही होय म्हणाल?"

"खुळा आहे काय मी?"

"दिवाळीत तुम्ही तेच केलंत. दर पाहुण्याच्या हातानं एकेक अनोळखी आत घेतलात. आणि त्यांनी घाण केली तेव्हा दार लावून घेतलंत ते मुलींना. त्यांनी तर कुणालाच बोलावलं नव्हतं."

अण्णांनी किल्ली दिली, पण धुसफुसत. "आजच्या दिवसात साफ झालं तर क्लास राहील. नाहीतर मशीन दुकानात. मग मला कुणी बोलायचं नाही."

खोलीत कॉम्प्युटरवर मंडळाची जुनी सतरंजी टाकलेली होती, दोष लागलेल्या माणसाचं तोंड झाकावं तशी. जयानं ती ओढून काढली. सगळ्यात आधी तिनं फोनची तार उपसली. "आता बाहेरून काही येणार नाही," ती बाईंना म्हणाली. बापाशी ती रविवारपासून बोलत नव्हती.

सुकदेव घडीच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला. बघायला आलो आहे, एवढंच, असं त्याच्या बसण्यातच दिसत होतं.

जयानं इंटरनेटची खिडकी उघडून दाखवली. वरच्या बाजूला एकाखाली एक पट्ट्या चिकटल्या होत्या. एवढ्या, की पान दिसायला जागा उरली होती निम्मी. आणि अगदी वर कोपऱ्यात तो बसला होता. हिरवा. सुकदेव दुसरीकडे पाहू लागला.

मग कंट्रोल पॅनल उघडलं. त्यात यंत्रात काय काय बसवलंय ते दिसतं आणि तिथूनच ते काढता येतं. बाईंनी एक नियम घातला. कुठलीही चौकट आली की जयानं ती आधी मोठ्यानं वाचायची, मराठीत सांगायची, आणि मगच बटण. शब्द अडला तर डिक्शनरी आहे. घाई नाही.

हवामानवाली गेली. शुभेच्छापत्रंवाली गेली. ही बँकेच्या साहेबांची, ही शेठची, असं अण्णांचं स्नेहसंमेलन एकेक करून बाहेर निघू लागलं. बाईंना हसू आवरेना. सुकदेवचे घडी घातलेले हात कधी सुटले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तो खुर्ची सरकवत पुढे आला होता. यंत्र कुठलंही असो, दुरुस्ती चालली की लांब बसणं त्याला जमत नसे.

शेवटी पोपट उरला. जयानं त्याच्या नावावर काढण्याचं बटण दाबलं. पडद्यावर नवी चौकट आली. पोपटानं मान खाली घातली होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

"दाब ना येस," सुकदेव न राहवून म्हणाला. "काढायचाच आहे ना?"

जयाचा हात थांबलेला होता. "आबा, तो काढू का असं विचारत नाहीये." चार दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "तो म्हणतोय, मला दुःख होईल, मला ठेवून घेता का? येस दाबलं की तो राहणार."

सुकदेव ते चित्र बघत राहिला. आधीच्या सगळ्या चौकटींना येस म्हटलं की सामान निघत होतं. याला मात्र येस म्हटलं की हा राहणार. न वाचता दाबणाऱ्या माणसाला हेरून कुणीतरी हे मुद्दाम बेतलं होतं. बावीस वर्षं यंत्रावर काढलेल्या माणसाला बटणाची अशी लबाडी म्हणजे हरामखोरी वाटली. त्याचा संताप उसळला, आणि पहिल्यांदाच तो योग्य दिशेला गेला.

"नो दाब," तो म्हणाला. "दाब नो."

पोपट गेला. जयानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. खिडकी उघडली, आणि कोपऱ्यात पोपट बसलेला!

"काय च्यायला," सुकदेव म्हणाला, आणि बाई समोर आहेत हे आठवून जीभ चावली.

बाईही जरा हबकल्या. दुपार कलायला लागली होती आणि अण्णांचा नोकर दोनदा दारात डोकावून गेला होता. "राहू दे का ग?" त्या म्हणाल्या. "शाळेत कुणाला तरी विचारून..."

"नाही बाई," जया म्हणाली. "आज नाही निघाला तर अण्णा मशीन नेतील." तिनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली आणि पुन्हा कंट्रोल पॅनल उघडलं. ज्याच्यावर पोपटाचं नाव नव्हतं असं एक साळसूद नाव खाली होतं. ते यंत्रासोबतचंच असेल असं समजून तिघांनी सोडून दिलं होतं. जयानं ते उघडलं, डिक्शनरीत शब्द शोधला, परत वाचलं. "हा त्याचा जोडीदार आहे. पोपट काढला की हा त्याला परत आणून बसवतो. आधी याला काढायला पाहिजे."

आधी जोडीदार, मग पोपट. दोन्ही वेळा चौकट पुरती वाचून. मग इंटरनेटचं पहिलं पान त्या पट्ट्यांनी बदललेलं होतं, ते तिनं जागेवर आणलं. यंत्र बंद. यंत्र चालू. आता तिनं फोनची तार लावली. ती ओळखीची किरकिर झाली, लाइन जुळली, खिडकी उघडली. वर एकही पट्टी नव्हती. तिघं वाट बघत राहिले. कुठलीही दुसरी खिडकी उघडली नाही. जयानं जळगावचं पान काढलं. केळीचा भाव पडद्यावर आला आणि निमूट तिथंच राहिला.

प्रमिलाबाईंनी डोळे पुसले आणि अण्णांना सांगून येते म्हणून त्या बाहेर गेल्या. त्यांनी बापलेकीला मुद्दाम मोकळं सोडलं असावं.

"ती चित्रं," सुकदेव पडद्याकडे बघत म्हणाला, "पोपट आणत होता?"

"हवामानवालीच्या जाहिराती साध्या असायच्या. ती घाण पोपटवालाच आणायचा."

"तुले माहीत होतं?"

"दिवाळीनंतर लक्षात आलं. पण तो काढता येतो हे माहीत नव्हतं. मी खिडक्या मिटत राहायचे."

"आणि पोपट कोणी बसवला, ते?"

जयानं माउस नीट सरळ करून ठेवला. "मीच तर बाजूला उभी होते, आबा. तुमच्या खांद्यावर शाल होती."

भर सभेत भगवंत हसला तेव्हा, पुलावरून मनगट धरून ओढत नेलं तेव्हा, शिंदखेड्याला पाठवतो म्हटलं तेव्हा, हिला हे सगळं ठाऊक होतं. आपण तिच्या हलणाऱ्या ओठांना लाज समजलो.

"मग सांगितलं का नाही, पोरी?"

"तुम्ही विचारलंच नाही."

एवढंच ती बोलली. चढा आवाज नव्हता, रडणं नव्हतं. सुकदेवला वाटलं, हिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. कारखान्यात लांबलचक मशीनचं हिरवं बटण दाबण्याआधी तो दोन्ही टोकांकडे बघतो आणि ओरडतो, हाथ निकालो. इतक्या वर्षांत तो एकदाही हे विसरला नव्हता. पण मंडळात सत्काराच्या भरात त्यानं न बघता बटण दाबलं, आणि घरी रागाच्या भरात न बघता पोरीचं आयुष्य बंद केलं. पहिली चूक अडाणीपणाची होती. दुसरीला तेही नाव देता येत नव्हतं.

"चुकलो मी, जया," तो म्हणाला. बापानं मुलीला हे म्हणायची आपल्याकडे रीत नाही. त्यानं म्हटलं, आणि त्याचं काही कमी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये भगवंतनं पुन्हा तो विषय काढला. सुकदेवनं भाकरीचा डबा झाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ते चित्र माझ्यामुळं आलं. बटण मी दाबलं होतं. माझ्या पोरीनं ते साफ केलं. अजून काय विचारायचं असेल तर मले विचार, तिचं नाव घेऊ नको." कुणी हसलं नाही. काळूनं आपल्या डब्यातली मिरचीची चटणी मुकाट्यानं सुकदेवपुढे सरकवली.

जया परीक्षेला बसली आणि शेठच्या ऑफिसात लागली. मंडळात मात्र अण्णांची खोड एका दिवसात कशी जाईल? सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी बँकेच्या साहेबांना पुन्हा त्या खुर्चीवर बसवलं. फोटोवाला तयार, मुली रांगेत उभ्या, अण्णा हात जोडून. "साहेबांच्या शुभहस्ते," ते म्हणाले. पडद्यावर कुठूनशी एक चौकट उमटली. दोन हजार सालाचं फुकट कॅलेंडर, फुलांची नक्षी. साहेबांचा हात माउसवर गेला.

"हाथ निकालो!"

मागच्या रांगेतून आलेला तो आवाज अख्ख्या धागा खात्यात ऐकू जाणारा होता. साहेबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सभेत हशा उसळला. सुकदेव उभा होता, गंभीर चेहऱ्यानं. "माफ करा साहेब. आधी वाचू द्या. जया, वाच."

जया पुढे आली. तिनं चौकट वाचली, मराठीत सांगितली, आणि खाली बारीक अक्षरांत जाहिरातींना परवानगी दिल्याचं लिहिलं होतं तेही सांगितलं. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा एकदा फोटोवाल्याकडे, एकदा त्या मुलींकडे बघत राहिले. त्या मुलींना आपण कुलूप लावायला निघालो होतो, हे त्यांना आठवलं असावं.

"नो दाबा, साहेब," अण्णा म्हणाले. "नो देखील शुभहस्तेच होऊ द्या."

साहेबांनी नो दाबलं. फोटो निघाला. मंडळाच्या इतिहासात कुणाच्या हस्ते नकार दिला गेल्याचा तो पहिलाच फोटो, आणि तो अजून त्या खोलीत लावलेला आहे.

तेव्हा मंडळी, एवढं पदरात घ्या. यंत्रावर चौकट आली तर वाचल्याशिवाय होय म्हणू नका. फुकट म्हणून जो दार ठोठावतो त्याला, तुला याचे पैसे कोण देतो, असं विचारा. न कळत काही आत येऊन बसलंच तर घाबरून यंत्राला कुलूप लावू नका. तार काढा, शोधा, एकेक करून बाहेर काढा. परत आलं तर त्याचा जोडीदार शोधा. आणि घरातल्या मुलीकडे बोट दाखवण्याआधी तिला एकदा विचारा. ती सांगेल.

सुकदेवची शाल अजून नरोलीच्या त्या खोलीत फळीवर आहे. ती कशाबद्दल मिळाली असं कुणी विचारलं, तर तो काळूच्या हाताची गोष्ट सांगतो. मग कुणी विचारलेलं नसतानाही पोपटाची सांगतो.